युरोपातून ब्रिटनला परतताना चीज आणता येतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरिस, ॲमस्टरडॅम किंवा स्वित्झर्लंड फिरून लंडनला परतणाऱ्या मराठी माणसांच्या बॅगेत चॉकलेटच्या जोडीला चीजचा एखादा तुकडा हमखास असायचा. २०२५च्या एप्रिलपासून हे बदललं आहे, तरी अनेकांना त्याचा पत्ता नसतो. भारतातून फिरायला येणाऱ्या आणि युरोप करून शेवटी लंडनला उतरणाऱ्या पाहुण्यांना तर कुणी सांगितलेलंच नसतं. इथल्या मंडळींकडून आणि पाहुण्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. चीज मला मनापासून आवडतं. दूध देणाऱ्या जनावरांची काळजी त्याहून जास्त वाटते, म्हणून काही उत्तरं जरा लांबली आहेत.

एका वाक्यात सांगा: फ्रान्सहून किंवा स्वित्झर्लंडहून चीज घेऊन ब्रिटनमध्ये येता येतं का?

नाही. १२ एप्रिल २०२५पासून प्रवाशांना युरोपियन युनियनच्या कोणत्याही देशातून दूध, चीज, लोणी, दही असे दुधाचे पदार्थ स्वतःच्या वापरासाठीसुद्धा ग्रेट ब्रिटनमध्ये आणता येत नाहीत. गाय, मेंढी, शेळी आणि डुकराचं मांस व त्याचे पदार्थही याच बंदीत येतात. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाईन युनियनमध्ये नसले तरी त्यांनाही हाच नियम लागू आहे.

ग्रेट ब्रिटन म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स. उत्तर आयर्लंडचा हिशेब वेगळा आहे, तो पुढे येईल.

अहो, पण आम्ही तर दर वर्षी आणत होतो!

बरोबर आहे. ब्रिटन युनियनमधून बाहेर पडल्यावरही ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या प्रवाशांना चीज आणण्याची मोकळीक दिली होती. त्यामुळे 'ब्रेक्झिटनंतरही आणलं होतं, कुणी काही बोललं नाही' हा अनुभव अनेकांच्या गाठीशी आहे आणि तो खरा आहे. फक्त तो अनुभव २०२५च्या आधीचा. जुन्या प्रवासवर्णनांत आणि व्हिडिओंमध्ये अजूनही 'व्हॅक्यूम पॅक करून घ्या आणि बिनधास्त आणा' असा सल्ला सापडतो. तो आता पाळू नका.

बंदी कशासाठी? कर वसूल करायचा आहे का?

कराचा इथे काही संबंध नाही. कारण आहे जनावरांचा एक रोग. इंग्रजीत नाव ऐकून आपल्याला काही बोध होत नाही, पण गावाकडच्या कुणाही शेतकऱ्याला विचारा, तो लगेच ओळखेल: लाळ्या-खुरकूत.

तोंडात आणि जिभेवर फोड येतात, लाळेच्या तारा गळू लागतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, जनावर लंगडतं, चारा सोडतं आणि दूध आटतं. महाराष्ट्रात गोठ्यागोठ्यात याच्या लसी टोचल्या जातात, कारण आपल्याकडे हा रोग ठाण मांडून आहे. पश्चिम युरोपातून तो हद्दपार झाला होता. मग १० जानेवारी २०२५ रोजी जर्मनीत, बर्लिनला लागून असलेल्या ब्रांडेनबुर्ग प्रांतात, पाणम्हशींच्या एका कळपात तो निघाला. त्या देशात १९८८नंतर पहिल्यांदाच. मार्चमध्ये हंगेरीत आणि पाठोपाठ स्लोव्हाकियात गायींच्या गोठ्यांत सापडला. तिथे तर ५० वर्षांहून जास्त काळ त्याचं नाव नव्हतं. ब्रिटनने आधी जर्मनी, हंगेरी, स्लोव्हाकिया आणि शेजारच्या ऑस्ट्रियापुरती बंदी घातली आणि एप्रिलमध्ये ती सगळ्या युनियनला लावली.

आपल्याकडे लस टोचून भागतं, मग ब्रिटन इतकं का घाबरतं?

ब्रिटनमध्ये या रोगाची नेमाने लस दिली जात नाही. रोगमुक्त देश म्हणून मांस आणि दूध जगभर विकता यावं, हे त्यामागचं मुख्य कारण. पण त्याचा अर्थ असा की इथल्या कोट्यवधी गायी-मेंढ्या-डुकरांच्या अंगात या विषाणूशी लढायची ताकदच नाही. एकदा शिरला की तो वणव्यासारखा पसरतो, आणि थांबवायचा उपाय म्हणजे बाधित आणि आसपासची जनावरं मारून टाकणं.

हे २००१ साली घडलं आहे. २० फेब्रुवारीला एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात आलेल्या डुकरांमध्ये रोगाचं निदान झालं. माग काढत गेल्यावर उगम सापडला नॉर्थंबरलँडमधल्या हेडन-ऑन-द-वॉल या गावच्या डुक्करपालकाकडे. तिथे डुकरांना हॉटेलांचं आणि स्वयंपाकघरांचं उरलंसुरलं अन्न नीट न उकळता घातलं जात होतं, आणि रोग त्या अन्नातूनच आला असा निष्कर्ष चौकशीत निघाला. सप्टेंबरअखेर साथ थांबेपर्यंत ६० लाखांहून अधिक जनावरं मारली गेली. सर्वांत जास्त झळ कम्ब्रियाला बसली. शेतांत जनावरांच्या चिता दिवसरात्र जळत होत्या, गावोगावच्या पायवाटा बंद होत्या आणि ३ मेला अपेक्षित असलेली सार्वत्रिक निवडणूकही ७ जूनवर ढकलावी लागली. देशाला याची किंमत सुमारे ८ अब्ज पौंड पडली.

ज्या शेतकऱ्यांनी तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला कळप एका दुपारी गमावला, त्यांतले अनेक आजही शेती करतात. विमानतळावर आपल्याकडून चीजचा तुकडा काढून घेतला जातो, तेव्हा रक्षण त्यांच्या गोठ्याचं चाललेलं असतं.

मी काही गाय पाळत नाही. माझ्या फ्रीजमधलं चीज गोठ्यात कसं पोहोचेल?

बहुतेक वेळा पोहोचणार नाहीच. पण शिळं सँडविच कुणी शेताच्या कुंपणापाशी टाकतं, कुणी सहलीत मुलांच्या डब्यातलं उरलेलं डुकरांना, शेळ्यांना भरवतं. ब्रिटनमध्ये स्वयंपाकघरातून गेलेलं अन्न जनावरांना घालणं २००१पासून बेकायदा आहे, अगदी परसातल्या कोंबड्यांनासुद्धा. हे अनेकांना माहीत नसतं. कधी शेतावर किंवा पाळीव शेळ्या बघायला गेलात, तर मुलांना आधी समजावून सांगा.

रोग माणसाला अन्नातून होत नाही, त्यामुळे तिकडे चीज खाताना मनात भीती बाळगायचं कारण नाही. प्रश्न फक्त विषाणू सोबत आणण्याचा आहे.

पण चीज तर पाश्चराइझ केलेल्या दुधाचं आहे. आणि कडक, जुनं, सीलबंद. तरी नाही?

तरी नाही. नियमात मऊ-कडक, कच्च्या दुधाचं-तापवलेल्या दुधाचं, घरगुती-कारखान्याचं असा भेद केलेला नाही. वेष्टनात असो वा नसो, विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेलं असो, बंदी सारखीच.

यामागे शास्त्र आहे. दूध नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद तापवलं, तर माणसाला अपायकारक असलेले जंतू मरतात. लाळ्या-खुरकुताचा विषाणू मात्र तेवढ्याने पूर्ण नष्ट होईलच असं नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत यावर प्रयोग झाले. बाधित गायींच्या न तापवलेल्या दुधाचं चेडर केलं, तर ६० दिवसांनीही त्यात विषाणू सापडला, १२० दिवसांनी मात्र सापडला नाही. कामांबेरसारख्या मऊ चीजमध्ये दूध तापवूनही तो २१ दिवस टिकला आणि ३५ दिवसांनी नाहीसा झाला. म्हणजे दोन वर्षं मुरलेल्या पार्मेजानचा धोका ताज्या ब्रीपेक्षा खूपच कमी. पण बॅगा तपासणाऱ्या अधिकाऱ्याने रांगेत उभं राहून प्रत्येक तुकड्याचं वय कसं ठरवायचं? म्हणून सरसकट बंदी. मला हे पटतं, जरी चोवीस महिन्यांचं पार्मेजान मागे ठेवताना जीव हळहळतो.

ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावर गौडा चीजच्या चाकांचे ढीग विकायला असतात. बंदी असती तर विकलं असतं का?

विकणारा नेदरलँड्समध्ये बसून जगभरच्या प्रवाशांना विकतो. तुमच्या देशात ते चालतं की नाही हे बघणं त्याचं काम नाही. दुकानात मिळालेली पावती ही परवानगी नव्हे.

मग तेच फ्रेंच चीज टेस्को आणि वेटरोझसारख्या इथल्या सुपरमार्केटांत कसं काय मिळतं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि रास्त प्रश्न. व्यापारी मालाच्या मागे कागद असतात. कोणत्या डेअरीचं दूध, कोणत्या भागातले कळप, तिथे रोग आहे की नाही, याची नोंद असते आणि माल मान्यताप्राप्त आस्थापनांतूनच येतो. युरोपातून येणाऱ्या मालाला ब्रिटनने ३१ जानेवारी २०२४पासून धोक्याच्या श्रेणीनुसार पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं केलं आणि ३० एप्रिल २०२४पासून सीमेवर प्रत्यक्ष तपासणीही सुरू झाली. एखाद्या जिल्ह्यात रोग निघाला की तिथला माल कागदावरूनच अडवता येतो.

तुमच्या-माझ्या बॅगेतल्या तुकड्यामागे असं काहीच नसतं. आठवडी बाजारात शेतकऱ्याकडून घेतलेलं चीज अप्रतिम असेल, पण ते कोणत्या कळपाचं हे सीमेवर सिद्ध करायची सोय नाही.

चीज सोडून काय आणता येतं?

ब्रेड, बिस्किटं, ताजी क्रीम नसलेले केक, चॉकलेट, गोळ्या, मांस न भरलेला पास्ता हे चालतं. लोण्यात केलेला क्रोआसाँ चालतो, लोण्याची वडी चालत नाही. जॅम, मोहरीची पेस्ट, लोणच्याच्या छोट्या काकड्या, ऑलिव्ह यांना काही अडचण नाही. काजू-बदाम किंवा सोयाचं वनस्पतिजन्य 'चीज' दुधाचं नसल्यामुळे बंदीत येत नाही.

तान्ह्या बाळाचं पावडरचं दूध, बाळाचं अन्न आणि वैद्यकीय कारणासाठी लागणारं खास अन्न मर्यादित प्रमाणात आणता येतं. माणशी २ किलोपर्यंत, उघडण्याआधी फ्रीजमध्ये ठेवावं न लागणारं, कंपनीच्या मूळ पॅकिंगमधलं. वापरात असलेला डबा उघडलेला असला तर हरकत नसते.

यूरोस्टार रेल्वेने येताना पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवर मुलांसाठी चीज सँडविच घेतलं तर?

गाडीतच खाऊन संपवा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर उतरताना उरलेलं अर्धं सँडविचही बंदीतच मोडतं. पॅरिसला ब्रिटिश अधिकारी पासपोर्ट तपासतात, तेव्हाच सगळं आटोपलं असं वाटतं, पण कस्टम्सची वाट लंडनला उतरल्यावरही पार करायची असते. स्वतःच्या मोटारीने फ्रान्समधल्या कॅलेहून बोटीने डोव्हरला येणाऱ्यांनी कूलबॉक्स बोटीवर चढण्याआधी रिकामा करावा. पिकनिकचं उरलेलं लोणी आणि दुधाची बाटली लोकांच्या लक्षातच येत नाही.

बॅगेत चीज आहे हे विमानात बसल्यावर आठवलं. आता?

लपवू नका आणि घाबरूही नका. उतरल्यावर कस्टम्सच्या हिरव्या वाटेने ('काही घोषित करायचं नाही') जाऊ नका, लाल वाटेने ('घोषित करायचं आहे') जा किंवा दिसेल त्या बॉर्डर फोर्सच्या अधिकाऱ्याला सरळ सांगा: 'माझ्याकडे चीज आहे, नियम माहीत नव्हता.' ते ताब्यात घेतील आणि नष्ट करतील. आपणहून दिलं तर सहसा प्रकरण तिथेच मिटतं. विमानतळावरच्या किंवा बंदराबाहेरच्या साध्या कचरापेटीत मात्र टाकू नका. उघड्या कचऱ्यातून पक्षी आणि कोल्हे अन्न पळवतात, आणि जे टाळायचं तेच होतं.

हातात अजून वेळ असेल आणि विमान सुटायचं असेल, तर शेजारच्या प्रवाशांना वाटून खा.

दंड किती?

गंभीर प्रकरणात इंग्लंडमध्ये ५,००० पौंडांपर्यंत. पोती भरून मांस आणणाऱ्यांवर रोख असला, तरी तेवढ्यावर विसंबू नका. इथे व्हिसावर राहणाऱ्या माणसाला सरकारदप्तरी कुठलीही नोंद नको असते. त्याने तर हिरव्या वाटेने चीज नेण्याचा विचारही करू नये.

डब्लिनहून आणलं तर?

आयर्लंड प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये आहे, तेव्हा डब्लिनहून थेट लंडनला येताना बंदी लागू. बेलफास्टहून, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून, येणाऱ्यांना ती लागू नाही. जर्सी, गर्न्सी आणि आइल ऑफ मॅन या बेटांवरून येणाऱ्यांनाही नाही.

आम्ही झुरिकहून लंडनमार्गे मुंबईला चाललो आहोत. स्विस चीज बॅगेत आहे.

एकाच तिकिटावर प्रवास असेल, बॅगेला थेट मुंबईचा टॅग असेल आणि तुम्ही हीथ्रोच्या आतल्या आतच विमान बदलणार असाल, तर तुम्ही ब्रिटनच्या कस्टम्समधून जातच नाही. पण एक रात्र भाचीकडे वेम्ब्लीला राहायचं ठरवलंत, बॅग घेऊन बाहेर पडलात, की तुम्ही ब्रिटनमध्ये आलात आणि बंदी लागू झाली. वेगवेगळी तिकिटं काढलेल्यांची इथेच फसगत होते, कारण त्यांना बॅग घेऊन बाहेर येऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं.

हातातल्या बॅगेत मऊ चीज ठेवू नका. ब्री, कामांबेर, पसरवायचं चीज यांना सुरक्षा तपासणीत द्रव आणि पेस्टचे नियम लावतात.

आणि मुंबईला उतरल्यावर?

भारताच्या कस्टम्सच्या घोषणापत्रात मांस, दुग्धजन्य पदार्थ, मासे आणि कोंबडीचे पदार्थ यांबद्दल वेगळा प्रश्न असतो. चीज म्हणजे दुग्धजन्य पदार्थ, उत्तर 'हो'. मग लाल वाटेने जायचं आणि अधिकाऱ्याला दाखवायचं. किती रुपयांपर्यंतचा माल करमुक्त, ही मर्यादा वेगळी आणि हा प्रश्न वेगळा. चीज पाचशे रुपयांचं असलं तरी ते लिहायचं असतं. पशुजन्य पदार्थांच्या आयातीवर १८९८च्या कायद्याने नियंत्रण आहे, आणि ते काम बघणारं पशु संगरोध केंद्र मुंबईतही आहे. अधिकारी नको म्हणाले तर वाद घालू नका.

माझं मत विचाराल तर लांबच्या प्रवासात चीज नेऊच नये. मुंबईच्या उन्हाळ्यात टॅक्सीच्या डिकीत तासभर राहिलेल्या ब्रीचं काय होतं ते बघवत नाही.

आई-बाबा पुण्याहून येताहेत. घरचं तूप, श्रीखंड, पेढे आणू देत का?

हा प्रश्न चीजचा नाही, पण उत्तर त्याच नियमात आहे. युरोपबाहेरच्या देशांतून, म्हणजे भारतातूनही, दुधाचे पदार्थ प्रवाशांना आणायला बंदी २०२५च्या कितीतरी आधीपासून आहे. तूप, पनीर, खवा, श्रीखंड, बासुंदी, पेढे, बर्फी यांतलं काहीही नको. आईने लोणी कढवून बरणी भरलेली असते, ती हीथ्रोवर काढून घेताना बघणं फार जड जातं, म्हणून निघण्याआधी फोनवर स्पष्ट सांगा. 'अगं आई, तूप इथे मिळतं, तू मेतकूट, भाजणी आणि कुळथाचं पीठ आण' असं म्हटलं की तिलाही बरं वाटतं. चिवडा, चकली, बाकरवडी, गोडा मसाला यांत दूध नसतं.

ब्रिटनचं चेडर पॅरिसच्या मित्रासाठी न्यायचं आहे.

तेही नाही. १ जानेवारी २०२१पासून ब्रिटनहून युरोपियन युनियनमध्ये जाणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. त्याच महिन्यात नेदरलँड्सच्या बंदरावर एका ड्रायव्हरचं हॅम सँडविच अधिकाऱ्यांनी काढून घेतलं आणि ते दृश्य टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.

न्यू जर्सीची ताई तर पॅरिसहून चीज घेऊन गेली!

गेली असेल, आणि नियमाने गेली असेल. अमेरिकेचा नियम वेगळा आहे. तिथे मांस नसलेलं घट्ट चीज, कडक किंवा अर्धकडक, सर्वसाधारणपणे नेता येतं. रिकोटा, कॉटेज चीज यांसारखं ओलसर आणि ओतता येईल असं चीज लाळ्या-खुरकूत असलेल्या देशांतून चालत नाही. वर उल्लेख केलेल्या प्रयोगांशी हे ताडून बघा, भेद कुठून आला ते लक्षात येईल. मात्र अमेरिकेत खाण्याची प्रत्येक वस्तू घोषित करावी लागते. घोषित केली आणि चालत नसली तर फक्त काढून घेतात, लपवली तर दंड. सामानपट्ट्याजवळ हिंडणारे बीगल जातीचे कुत्रे याच कामावर असतात.

ताईचा अनुभव ब्रिटनला लावू नका, आणि ब्रिटनचा अमेरिकेला.

कुरिअरने मागवलं तर?

खासगी पार्सललाही तेच नियम आहेत. इथल्याच विक्रेत्याकडून ऑनलाइन घ्या, त्याने माल कागदपत्रांसह आणलेला असतो.

आम्ही शाकाहारी आहोत. तिकडे कोणतं चीज खावं?

पार्मेजान, ग्राना पदानो, ग्रुयेर, कोंते आणि रोकफोर या नावांनी विकलं जाणारं चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट (दूध विरजणारा अर्क) वापरूनच करतात. पोर्तुगालचं सेरा दा एस्त्रेला आणि अझेताँव हे एका रानटी काटेरी फुलाच्या अर्काने विरजलेलं असतं, ते बिनदिक्कत खा. ब्रिटनच्या दुकानांत बहुतेक चेडरवर शाकाहारी असल्याची खूण असते, आणि पार्मेजानच्या धर्तीचं शाकाहारी कडक चीजही मिळतं.

बरं, आणता येत नाही. मग करावं काय?

तिथे असताना पोटभर खावं. हे मी मनापासून सांगतो आहे. आपण सुट्टीत चीज विकत घेतो आणि घरी गेल्यावर खाऊ म्हणून जपून ठेवतो. आता जपायचं कारणच उरलं नाही. पहिल्याच दिवशी दुकानात जा. फ्रान्समधल्या चांगल्या दुकानात कोंतेचं अख्खं चाक ठेवलेलं असतं, ३५-४० किलोंचं, तपकिरी खरबरीत सालीचं. दुकानदाराला किती महिन्यांचं आहे ते विचारा. तो सुरीच्या टोकावर पातळ काप देईल. आठ-नऊ महिन्यांचं दुधाळ आणि गोडसर लागतं. दीड-दोन वर्षांचं दाताखाली कुरकुरतं. ते पांढरे कण मिठाचे नसतात, मुरताना प्रथिनं फुटून तयार झालेले स्फटिक असतात. दोन्ही कापांची चव एकापाठोपाठ घ्या. शंभर-शंभर ग्रॅम घ्या, ताजा पाव घ्या आणि बागेत बसून संपवा.

घरी परतल्यावर इथल्या चीजकडे वळा. ब्रिटनमध्ये आज इतकं सुंदर चीज बनतं की युरोपची आठवण काढत बसायची गरज नाही. ब्री आवडत असेल तर सफोकचं बॅरन बिगॉड घ्या. ते खोलीच्या तापमानाला तासभर ठेवलं की मधला भाग हळूहळू ओघळतो आणि सालीला अळंबीचा वास येतो. कामांबेरच्या जागी हॅम्पशरचं टनवर्थ. कोंते किंवा ग्रुयेर आवडणाऱ्यांनी लिंकनशर पोचर चाखावं, ते चेडर आणि आल्प्सच्या चीजच्या मधलं आहे. मेंढीच्या दुधाचं हवं तर बर्क्सवेल. रोकफोरऐवजी स्टिल्टन, जे फक्त डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीन परगण्यांतच करता येतं. नेटल या खाजऱ्या रानझाडाच्या पानांत गुंडाळलेलं कॉर्निश यार्ग दिसायलाही देखणं असतं, पाहुण्यांसमोर ठेवायला उत्तम.

लंडनमध्ये बरो मार्केटजवळचं नील्स यार्ड डेअरी आणि जर्मिन स्ट्रीटवरचं १७९७पासूनचं पॅक्स्टन अँड व्हिटफिल्ड ही दुकानं बघण्यासारखी आहेत. काप चाखायला देतात, न लाजता मागावा.

आणि स्वित्झर्लंडची आठवण घरी आणायचीच असेल तर फाँड्यूचं, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजचं, जाड भांडं आणि लांब काटे आणा. त्यांना कुणी अडवत नाही. भांड्याला आतून लसूण चोळा, पांढरी वाइन गरम करा, कॉर्नफ्लोअर लावलेलं किसलेलं ग्रुयेर आणि एमेंटाल थोडं थोडं घालत आठच्या आकड्यासारखं ढवळा. उकळी येऊ देऊ नका, चीज फाटतं आणि तेल सुटतं. ग्रुयेर आणि एमेंटाल कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात मिळतं. शेवटी घालायची चेरीची किर्श तिकडून आणता येते. तीव्र मद्याची करमुक्त मर्यादा माणशी ४ लिटर आहे, त्यात एक बाटली सहज बसते.

ही बंदी कधी उठणार?

सरकारने शेवटची तारीख जाहीर केलेली नाही. मे २०२५मध्ये ब्रिटन आणि युरोपियन युनियनने अन्न, पशू आणि वनस्पती यांच्या व्यापारासाठी समान नियमांचा करार करायचं ठरवलं. तो अमलात आला की प्रवाशांचे नियमही बदलू शकतात. तोवर प्रत्येक प्रवासाच्या आदल्या दिवशी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर वैयक्तिक वापरासाठी अन्न आणण्याचं पान उघडून बघा. एखाद्या देशात नवी साथ निघाली की नियम एका रात्रीत कडक होतात. २०२५च्या उन्हाळ्यात इटली आणि फ्रान्समध्ये लम्पी निघाला, तोच त्वचारोग ज्याने २०२२मध्ये महाराष्ट्रातले गोठे हवालदिल केले होते, आणि ब्रिटनने लगेच तिथल्या कच्च्या दुधाच्या चीजच्या व्यापारी आयातीवरही निर्बंध आणले. दुकानात तुमचं आवडतं रेब्लोशों, हे कच्च्या दुधाचं फ्रेंच चीज, अचानक दिसेनासं झालं, तर त्यामागे असं एखादं कारण असू शकतं.